रील झाली, आता काम देणाऱ्याच्या नजरेस कसं पडायचं? (अ‍ॅनिमेटरांसाठी)

चौकट_चोवीस (धागाकर्ता)

अ‍ॅनिमेशन शिकवणारे धागे ढिगाने आहेत. केलेलं काम (म्हणजे रील, आपल्या निवडक शॉटांचा छोटा व्हिडिओ) नेटवर मांडून त्यातून पुढचं काम कसं मिळवायचं, यावर मात्र इथे-तिथे विखुरलेले प्रतिसादच सापडतात. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. फॉलोअर वाढवायच्या युक्त्यांसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

सुरुवात स्वतःला काय म्हणवून घेता इथून. नुसतं 'अ‍ॅनिमेटर' लिहून वाचणाऱ्याला काही कळत नाही. रिक्रूटर शोधतात ते 'थ्रीडी कॅरेक्टर अ‍ॅनिमेटर, गेम्स', 'टूडी कटआउट, टून बूम हार्मनी', 'मोशन ग्राफिक्स, आफ्टर इफेक्ट्स', 'रिगर, माया' अशा शब्दांनी (हार्मनी, आफ्टर इफेक्ट्स, माया ही सॉफ्टवेअरं; रिगर म्हणजे पात्र हलवता येईल असा आतला सांगाडा, म्हणजे रिग, बनवणारा). तेच शब्द सगळीकडे हवेत: लिंक्डइनच्या हेडलाईनमध्ये (२२० अक्षरं मिळतात), इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये (१५०), वेबसाईटच्या शीर्षकात, रीलच्या पहिल्या कार्डावर. 'स्वप्नांना गती देणारा कथाकार' असं टाकून कोणी सर्च करत नाही.

'पण मला सगळंच येतं' असं असेल तर? छोट्या उद्योगांना एक्सप्लेनर व्हिडिओ विकणाऱ्याला ते चालतं, कारण त्या गिऱ्हाईकाला स्क्रिप्टपासून आवाजापर्यंत एकच माणूस हवा असतो. स्टुडिओत जायचं असेल तर चालत नाही, तिथे रिकामी जागा एकाच खात्यात असते. दोन्हीकडे जायचं असेल तर दोन रील आणि दोन वेगळ्या लिंका करा. एकाच रीलमध्ये चालणारं पात्र, फिरणारा लोगो आणि मॉडेलचा टर्नटेबल (मॉडेल गोल फिरवून दाखवणं) कोंबला की तिन्ही खात्यांना वाटतं, हा आपला नव्हे.

आता रील.

लांबी ६० ते ९० सेकंद ही कमाल मर्यादा समजा. चांगलं काम ३५ सेकंदांचंच असेल तर रील ३५ सेकंदांची. सगळ्यात भक्कम शॉट पहिला आणि त्याच्या खालोखालचा शेवटचा. कालक्रमाने लावू नका, त्यात सगळ्यात कच्चं काम आधी येतं. पहिलं कार्ड दोन-तीन सेकंद: नाव, कामाचा प्रकार, ईमेल. शेवटचं तेच, पण पाच सेकंद, म्हणजे पत्ता लिहून घेता येतो. स्वतःच्या नावाचा दहा सेकंदांचा लोगो फिरवू नका, तेवढ्यात बघणारा पुढच्या उमेदवाराकडे जातो.

प्रत्येक शॉटवर कोपऱ्यात एक ओळ हवी: यातलं तुम्ही काय केलंत. 'अ‍ॅनिमेशन माझं, रिग मोफत मिळालेला, लाइटिंग टीमचं.' ही ओळ नसेल तर सुपरवायझर एकतर सगळं तुमचं समजतो (आणि मुलाखतीत तुमची फजिती होते) किंवा काहीच तुमचं नाही असं धरून चालतो.

आणि काढून टाकणं हे काम घालण्याहून महत्त्वाचं. आठ चांगल्या शॉटांत एक पाय घसरणारा वॉक सायकल (पुन्हा पुन्हा फिरणारी चाल) म्हणजे दुधात मिठाचा खडा. बघणाऱ्याला वाटतं, याला ही चूक दिसतच नाही.

---

पापणी

वाचनखूण साठवली. शॉट निवडताना काय बघितलं जातं ते प्रकारानुसार बदलतं, त्याची भर घालते.

कॅरेक्टर अभिनय: दोन शॉट बॉडी मेकॅनिक्सचे (वजन उचलणं, उडी, ढकलणं), दोन संवादाचे. संवादात ओठांपेक्षा डोळे आणि विचार बदलण्याचा क्षण बघतात. त्यामुळे ज्यात पात्राचं मन मधेच पालटतं अशी ऑडिओ क्लिप निवडा. अखंड ओरडणारी क्लिप घेऊ नका, तिच्यात अभिनयाला जागाच उरत नाही. सिनेमातले गाजलेले संवादही टाळा. बघणाऱ्याच्या डोक्यात मूळ नट उभा राहतो आणि तुलना सुरू होते.

गेम: सायकल दाखवल्याशिवाय भागत नाही. आयडल (नुसतं उभं राहणं), चाल, धाव, वळण, हल्ला, मार खाणं, आणि यांच्यामधली संक्रमणं. तोच हल्ला दोन कोनांतून दाखवा, कारण गेममध्ये कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात असतो. एकाच कोनातून सुंदर दिसणारी पोझ तिथे कुचकामी ठरते. जमलं तर युनिटी किंवा अनरियलमध्ये घालून कंट्रोलरने चालवलेलं फुटेज टाका. माया-ब्लेंडरमध्ये सुरळीत दिसणारी सायकल इंजिनात पाय घसरवते, कारण पात्राचा वेग आणि पावलाची लांबी जुळलेली नसते. ते तुम्ही सोडवलंय हे त्या फुटेजमधून दिसतं.

मोशन ग्राफिक्स: अक्षरांची हालचाल, इझिंग (वेग हळूहळू वाढणं-कमी होणं), एका दृश्यातून दुसऱ्यात जाणं. इथे संगीताच्या ठेक्यावर कट चालतात, किंबहुना अपेक्षित असतात. अभिनयाच्या रीलमध्ये तेच केलं तर शॉट अर्धवट कापले जातात.

रिगिंग: सुंदर अ‍ॅनिमेशन दाखवायची गरज नाही. खांदा पूर्ण वर, कोपर पूर्ण दुमडलेलं, तोंड टोकाला उघडलेलं, असं ताणून दाखवा. कंट्रोल दिसू द्या. आयके-एफके (हात-पाय हलवायच्या दोन पद्धती) बदलताना हात जागचा हलत नाही हे एकदा दाखवलं की निम्मं काम झालं.

टूडी इफेक्ट्स (धूर, पाणी, आग): रफ रेषा आणि अंतिम रंगीत आवृत्ती शेजारी-शेजारी ठेवा.

---

निळी_पेन्सिल

+१. मोफत रिगबद्दल एक: डाउनलोड केलेल्या रिगचं लायसन्स वाचा. बरेचसे रिग शिकण्यासाठी आणि रीलसाठी मोकळे असतात, पण गिऱ्हाईकाच्या पैशाच्या कामात वापरता येत नाहीत. रीलवर काम बघून गिऱ्हाईक 'हेच पात्र आमच्या जाहिरातीत घ्या' म्हणालं की पंचाईत होते. शिवाय लोकप्रिय रिग मूळ रूपात वापरला की तो शंभर रीलमध्ये बघितलेला चेहरा वाटतो. रंग, केस, कपडे बदलायची परवानगी असेल तर जरूर बदला.

---

टिंबटिंब

संगीत कुठलं घ्यायचं? लायसन्सची भानगड कळत नाही.

---

चौकट_चोवीस

आधी हे की रील बहुतेक वेळा आवाज बंद ठेवूनच बघितली जाते. त्यामुळे संगीतावाचून अडत नसेल तर घेऊच नका. संवादाच्या शॉटांना फक्त संवाद ठेवा.

घ्यायचंच असेल तर प्रसिद्ध गाणं नको. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते आणि हक्कदार त्यावर व्हिडिओ ब्लॉक करू शकतो, आवाज बंद करू शकतो किंवा जाहिराती लावू शकतो. तुमचं काम बघायला आलेल्या रिक्रूटरला आधी साबणाची जाहिरात दिसणार.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घेताना अक्षरं नीट बघा. 'बीवाय' असेल तर श्रेय द्यायचं, बस. 'एनडी' (बदल करायला मनाई) असेल तर रीलमध्ये वापरता येत नाही. 'मी गाणं कुठे बदललं?' हा युक्तिवाद टिकत नाही, कारण चलचित्राशी वेळ जुळवून संगीत लावणं म्हणजे रूपांतर, असं त्या लायसन्समध्येच स्पष्ट म्हटलंय. त्याच न्यायाने 'एसए' (शेअर अलाइक) घेतलंत तर अख्खी रील त्याच लायसन्सखाली द्यावी लागते, म्हणजे तेही बाद. 'एनसी' म्हणजे व्यावसायिक वापर नको. काम मिळवण्यासाठीची रील त्यात बसते का यावर वाद होऊ शकतो, कशाला त्या फंदात पडा.

---

बिटरेट_बाबूराव

आता एक्सपोर्टवर लिहितो. महिनाभर खपून केलेला शॉट इथे पाच मिनिटांत मातीत जातो.

फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम). काम २४ वर केलं असेल तर रीलही २४ वरच. एडिटिंगचा सिक्वेन्स चुकून ३० चा असला तर सॉफ्टवेअर दर चार फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवतं. कॅमेरा पॅन होताना तो हिसका स्पष्ट दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं तुमचं स्पेसिंग (एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत किती सरकायचं ते) बिघडलंय. सोबत फ्रेम ब्लेंडिंग चालू असेल तर आणखी वाईट, प्रत्येक पोझला भूत लागतं. ते बंद करा. सुपरवायझर यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम पुढे-मागे करून बघू शकतात. तिथे हे सगळं उघडं पडतं.

कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत). एमपी४, एच.२६४, १९२० बाय १०८०. पिक्सेल फॉरमॅट ४:२:०, ८ बिट. कुठल्यातरी सेटिंगमुळे ४:४:४ निघालं तर फाईल तुमच्या मशीनवर चालते आणि समोरच्याच्या सफारीत काळी दिसते. रुंदी आणि उंची सम संख्येत हवी; १०७९ असं काही क्रॉप झालं तर एन्कोडर एरर देतो किंवा कडेला रेघ येते.

बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा). यूट्यूबची स्वतःची शिफारस १०८० ला ८ एमबीपीएस आणि १४४० ला १६. ती किमान समजा आणि त्याच्या दुप्पट द्या, कारण ते पुन्हा दाबणारच आहेत. एक युक्ती: १०८० ची रील १४४० पर्यंत मोठी करून चढवली तर यूट्यूब तिला सहसा चांगला कोडेक देतं आणि बारीक रेषा कमी विस्कटतात. टूडीवाल्यांना फरक लगेच दिसेल.

बँडिंग. सपाट ग्रेडियंटचं आकाश ८ बिटमध्ये पट्टेदार दिसतं. एक-दोन टक्के बारीक नॉइज टाका, पट्टे मोडतात. जास्त टाकलात तर उलटं होतं: एन्कोडर सगळे बिट नॉइजवर खर्च करतो आणि पात्राचे डोळे धूसर.

मोशन ब्लर. अभिनयाच्या शॉटला कमी किंवा बंद. आर्क (हालचालीची वक्र वाट) आणि स्पेसिंग बघायला आलेल्या माणसासमोर पडदा धरण्यात अर्थ नाही.

स्वतःच्या साईटवर फाईल ठेवणार असाल तर 'फास्ट स्टार्ट' हवं. एमपी४ मधली सूची फाईलच्या शेवटी लिहिलेली असेल तर ती हाती येईपर्यंत ब्राउझर चित्र सुरू करत नाही. हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइज्ड' ही खूण केली की ती पुढे येते. आणि ऑटोप्ले हवा असेल तर आवाज बंद ठेवावाच लागतो, आवाजासकटचा ऑटोप्ले ब्राउझर अडवतात.

---

रफ_अ‍ॅनी

बाबूराव, दंडवत! हे छापून भिंतीवर लावायला हवं.

रील यूट्यूबवर की व्हिमिओवर?

---

बिटरेट_बाबूराव

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाईल बदलता येत नाही. एक शॉट सुधारला तरी नवा व्हिडिओ, नवी लिंक. व्हिमिओवर लिंक तीच ठेवून फाईल बदलता येते, पासवर्डही लावता येतो. पण आपल्या प्लॅनमध्ये काय-काय मिळतं ते आधी तपासा. उलट यूट्यूब सगळीकडे चालतं आणि फुकट आहे.

---

ओनियन_स्किन

लिंक बदलण्याचा प्रश्न सोपा आहे हो. मेलमध्ये आणि रेझ्युमेवर यूट्यूबची लिंक द्यायचीच नाही, स्वतःच्या साईटची द्यायची आणि त्या पानावर व्हिडिओ एम्बेड करायचा. आतला व्हिडिओ शंभरदा बदला, बाहेरची लिंक तीच राहते. डोमेन स्वतःच्या नावाचं घ्या, साईट कुठल्याही बिल्डरवर असो. क्रिएटिव्ह क्लाउडची वर्गणी भरत असाल तर अडोबी पोर्टफोलिओ त्यातच येतं, वेगळा खर्च नाही.

पान कसं हवं: उघडताच रील, वर नाव आणि कामाचा प्रकार, खाली ईमेल. एवढं स्क्रोल न करता दिसलं पाहिजे. त्याखाली चार ते सहा प्रोजेक्ट, प्रत्येकात तयार शॉट, ब्लॉकिंग (फक्त मुख्य पोझ लावलेला टप्पा) किंवा रफ, आणि दोन-तीन ओळी. त्या ओळी आळस न करता लिहा. सर्च इंजिनला व्हिडिओतली हालचाल वाचता येत नाही, मजकूर वाचता येतो. 'प्रोजेक्ट ३' असं नाव दिलेलं पान कोणालाही सापडणार नाही. 'चतुष्पाद धाव सायकल, ब्लेंडर' सापडेल.

संपर्कासाठी फक्त फॉर्म ठेवू नका. फॉर्म बिघडतो, मेल स्पॅममध्ये जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ईमेल अक्षरांत लिहा.

शेवटची परीक्षा: ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत आणि मोबाईलवर सगळ्या लिंका उघडून बघा. 'प्रायव्हेट' ठेवलेला यूट्यूब व्हिडिओ आणि परवानगी मागणारी गूगल ड्राइव्हची लिंक, या दोन गोष्टींमुळे अर्ज न बघताच बाजूला पडतात. 'अनलिस्टेड' वेगळं आणि 'प्रायव्हेट' वेगळं. पहिल्यात लिंक असलेल्या कोणालाही दिसतं, दुसऱ्यात तुम्ही बोलावलेल्यांनाच.

---

पापणी

लिंक शेअर केल्यावर जे चित्र येतं तेही बघा. ते न दिल्यास साईट कुठलंही उचलते, कधीकधी तुमचा डोळे मिटलेला फोटो. १२०० बाय ६३० चं एक स्थिर चित्र द्या, सगळ्यात बोलक्या पोझचं.

---

टिंबटिंब

आणि इन्स्टाग्राम? तिथे रोज टाकावं लागतं म्हणे.

---

लूपेश्वर

रोज टाकणं म्हणजे अ‍ॅनिमेटरला फाशी. चार सेकंदांच्या हाताने काढलेल्या शॉटला आठवडा जातो. त्यापेक्षा एका शॉटमधून चार पोस्ट काढा: थंबनेल आणि पोझ, ब्लॉकिंग, स्प्लाइन (पोझ जोडून सलग केलेली हालचाल) किंवा क्लीनअप, तयार शॉट. काम एकच, आणि काम देणाऱ्याला तुमची पद्धतही दिसते. रील हे दुकानाचं शटर असेल तर ही काउंटरवरची बरणी.

तांत्रिक बाजू. उभ्या व्हिडिओसाठी १०८० बाय १९२०. वरचे अडीचशे आणि खालचे साडेतीनशेच्या आसपास पिक्सेल मोकळे ठेवा, तिथे बटणं आणि नाव येतं, पात्राचे पाय झाकले जातात. आडवा शॉट उभ्या चौकटीत नुसता कापू नका. वर-खाली भर घालून मधे ठेवा किंवा कॅमेरा पुन्हा बसवा.

लूप करताना पहिली आणि शेवटची फ्रेम सारखी असेल तर शेवटची रेंडर करू नका. पहिली पोझ फ्रेम १ वर आणि पुन्हा २५ वर असेल तर १ ते २४ एवढंच काढा. नाहीतर एक फ्रेम दोनदा येते आणि दर फेरीला बारीक अडखळ दिसते.

जिफबद्दल एक गंमत: जिफमध्ये फ्रेमचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात. २४ फ्रेमरेट म्हणजे ४.१६ भाग, ते लिहिताच येत नाही. ४ लिहिलं की २५ चा वेग होतो, ५ लिहिलं की २०. रंगही एका फ्रेमला जास्तीत जास्त २५६. सपाट रंगांच्या टूडीला ठीक आहे, लाइटिंग केलेल्या थ्रीडीला नाही. शक्य तिथे एमपी४ च द्या.

बायोमध्ये आता पाच लिंका ठेवता येतात, पहिली रीलची.

---

निळी_पेन्सिल

लूपेश्वरांशी थोडी असहमत. इन्स्टाग्रामवर गाजलेल्या पात्रांची फॅनआर्ट टाकली की लाइक धो-धो येतात, काम येत नाही, आणि माणूस त्यातच अडकतो. बघे आणि काम देणारे ही दोन वेगळी माणसं आहेत. दुसऱ्या प्रकारची माणसं लिंक्डइनवर, आर्टस्टेशनवर, डिस्कॉर्डच्या बंद खोल्यांत आणि गेम जॅमच्या (थोड्या दिवसांत मिळून गेम बनवायच्या उपक्रमांच्या) पानांवर असतात.

गेममध्ये जायचं असेल तर इच.आयओवरच्या जॅममध्ये उतरा. प्रोग्रामरांना तिथे अ‍ॅनिमेटर हवेच असतात आणि दोन-तीन दिवसांत खेळता येणारी गोष्ट तयार होते. 'माझी सायकल या गेममध्ये चालतेय, हा घ्या दुवा' हे वाक्य कुठल्याही फॅनआर्टला भारी पडतं.

लिंक्डइनवर काम शोधत असल्याचं दोन प्रकारे सांगता येतं: सगळ्यांना दिसणारी हिरवी चौकट, किंवा फक्त रिक्रूटरांना दिसणारी खूण. सध्या नोकरीत असाल तर दुसरी. तरी तुमच्या कंपनीला ती दिसणारच नाही याची हमी लिंक्डइनही देत नाही.

---

लूपेश्वर

फॅनआर्टचं मान्य. पण एक अपवाद: ज्या स्टुडिओत जायचंय त्यांच्या शैलीत केलेला एक शॉट. त्यांची पात्रं उचलायची नाहीत, आपलं पात्र त्यांच्या धाटणीत. आमच्या पाइपलाइनमध्ये हा माणूस बसेल का, हा त्यांचा प्रश्न त्यातून सुटतो.

---

रफ_अ‍ॅनी

स्टुडिओला थेट मेल करावा का? आणि त्यात लिहायचं काय?

---

चौकट_चोवीस

करावा. जागा जाहीर नसली तरी. मेल छोटा ठेवा आणि आधी ठरवा की तो कोणाला: करिअर पानावर पत्ता असेल तर तिथेच, नसेल तर रिक्रूटर किंवा प्रोडक्शन कोऑर्डिनेटर. संचालकाच्या खाजगी खात्यावर रील टाकू नका.

नमुना:

विषय: टूडी इफेक्ट्स अ‍ॅनिमेटर, १ तारखेपासून उपलब्ध, रील ५० सेकंद

नमस्कार,
मी हाताने काढलेल्या इफेक्ट्सचं (पाणी, धूर, स्फोट) अ‍ॅनिमेशन करते. टून बूम हार्मनी वापरते.
तुमच्या मालिकेतली पावसाची दृश्यं पाहिली. त्याच प्रकारचं काम रीलमध्ये ०:१२ वर आहे.
रील: (लिंक)
पुढच्या महिन्यापासून आठवड्याला ४० तास देऊ शकते. काम दुरून, यूटीसीच्या साडेपाच तास पुढे.
कळावे.

संपलं. '०:१२ वर' हे सगळ्यात कामाचं, वाचणारा थेट तिथे जातो. फाईल जोडू नका. जीमेलची जोडणीची मर्यादा २५ एमबी आहे आणि मोठी जोडणी अनोळखी पत्त्यावरून आली की संशयच येतो. रेझ्युमे मात्र एक पानाचा पीडीएफ, फाईलच्या नावात तुमचं नाव आणि कामाचा प्रकार. 'फायनल_फायनल_२' नको.

उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एक आठवण. मग थांबा. तीन-चार महिन्यांनी नवा शॉट झाला की त्याच मेलच्या धाग्यात 'रीलमध्ये नवा शॉट घातला आहे' एवढंच. स्टुडिओतली भरती प्रोजेक्टवर चालते. मे महिन्यात न लागलेला माणूस सप्टेंबरात तातडीने लागतो, आणि तेव्हा ज्याचा मेल वर असतो त्याला फोन जातो.

---

ओनियन_स्किन

गोपनीयतेचा करार असलेल्या कामाबद्दल कोणी लिहिलं नाही. प्रदर्शित न झालेलं काम रीलमध्ये घालायचं नाही, पासवर्ड लावूनही नाही. पासवर्ड हा करारातला अपवाद नव्हे. प्रदर्शित झालं तरी स्टुडिओची लेखी परवानगी घ्या. बरेचसे स्टुडिओ शॉटची यादी देतात आणि त्यातलेच दाखवता येतात. ब्रेकडाउन, प्लेब्लास्ट, वायरफ्रेम अशा पडद्यामागच्या टप्प्यांची परवानगी वेगळी मागावी लागते.

फ्रीलान्स काम घेताना करारात एक वाक्य आधीच घाला: 'काम प्रकाशित झाल्यावर अ‍ॅनिमेटरला ते स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवण्याचा हक्क राहील.' पैसे मिळाल्यानंतर मागायला गेलात तर कोणी सही करत नाही.

---

बिटरेट_बाबूराव

मेल आणि पोर्टफोलिओ उघडे ठेवले की भामटेही येतात. खुणा सांगतो.

मोठ्या स्टुडिओचं नाव, पण पत्ता फुकटच्या मेलसेवेचा किंवा डोमेनमध्ये एक अक्षर इकडे-तिकडे. मुलाखत फक्त टेलिग्रामवर. 'चुकून जास्त रक्कम पाठवली, उरलेली परत करा' म्हणजे मूळ रक्कम काही दिवसांनी रद्द होणार आणि परत केलेले पैसे तुमचे जाणार. 'सामान घेण्यासाठी आधी भरा.'

सगळ्यात धोकादायक म्हणजे 'ब्रीफ'ची झिप. आत व्हिडिओचं चिन्ह लावलेली फाईल असते, पण विस्तार असतो एससीआर किंवा ईएक्सई. विंडोज ओळखीचे विस्तार मुळात लपवून ठेवतं. ते सेटिंग बदला, विस्तार दिसू द्या. एकदा चालवली की ब्राउझरमधली लॉगिन चोरली जातात, आणि मग तुमच्याच खात्यावरून दुसऱ्या अ‍ॅनिमेटरांना तसेच मेल जातात. माया आणि ब्लेंडरच्या फाईलींतही स्क्रिप्ट लपवता येते. ब्लेंडर मुळात पायथन आपोआप चालवत नाही, इशारा देतं. अनोळखी फाईलला ती परवानगी देऊ नका.

---

पापणी

आणि 'टेस्ट'. स्टुडिओंची टेस्ट असते, ते वावगं नाही. पण ती त्यांच्या रिगवर, काही सेकंदांची, ठरावीक मुदतीत असते. 'टेस्ट म्हणून आमच्या उत्पादनाचा ३० सेकंदांचा व्हिडिओ करून द्या' ही टेस्ट नव्हे, फुकट काम आहे. उत्तर: 'पाच सेकंद टेस्ट म्हणून करते, पुढचं मानधन घेऊन.' खरा असेल तो बोलतो, नसेल तो गायब होतो.

---

टिंबटिंब

फायव्हर, अपवर्क अशा फ्रीलान्स साईटींचं काय? आणि आपले दर स्वतःच्या साईटवर लिहावेत का?

---

निळी_पेन्सिल

फायव्हर विक्रेत्याच्या रकमेतून २० टक्के कापतं, तेवढं धरून दर लावा. तिथे 'अ‍ॅनिमेशन करून देईन' विकलं जात नाही. 'स्ट्रीमरसाठी ३ सेकंदांचा लूप इमोट', 'लोगोचं ६ सेकंदांचं अ‍ॅनिमेशन, आवाजासह' असं मोजून-मापून बांधलेलं विकलं जातं. पहिले काही अभिप्राय येईपर्यंत छोटं आणि लवकर होणारं ठेवा.

कामाचे दर आपल्या साईटवर लिहिणं मला पटत नाही. तिसाव्या सेकंदाची किंमत पहिल्याएवढीच नसते. पात्रं किती, पार्श्वभूमी कोण करणार, संवाद आहे का, यावर ठरते. पण 'किमान एवढ्यापासून' असा आकडा लिहिला तर अवास्तव विचारणा गळतात.

कोटेशन सेकंदांवर आणि टप्प्यांवर द्या: अ‍ॅनिमॅटिक (स्थिर चित्रं वेळेनुसार लावलेला कच्चा व्हिडिओ), ब्लॉकिंग, अंतिम. अर्धे पैसे आगाऊ, टप्पा मंजूर झाल्याशिवाय पुढचा सुरू नाही. बदलांच्या दोन फेऱ्या दरात, पुढच्या वेगळ्या. आणि मंजूर ब्लॉकिंगनंतर कथाच बदलली तर ती 'फेरी' नव्हे, नवं काम, हे शब्दांत लिहून ठेवा. मंजुरीसाठी पाठवायच्या फाईलवर वॉटरमार्क, रिझोल्यूशन कमी. मूळ फाईल शेवटचा हप्ता आल्यावर. प्रोजेक्ट फाईल द्यायची असेल तर तिचा दर वेगळा.

---

रफ_अ‍ॅनी

भरपूर मिळालं, धन्यवाद सगळ्यांना. शेवटचा प्रश्न: रीलमध्ये सध्या कामाचे फक्त तीन शॉट बसतात. तेवढ्यावर बाहेर पडायचं की थांबायचं?

---

चौकट_चोवीस

तीनही शॉट तुमच्या नोकरीच्या प्रकारातले असतील तर बाहेर पडा. २० सेकंदांची रील चालते, फक्त तिला 'रील' न म्हणता तीन शॉट सुटे ठेवा, प्रत्येकाखाली ब्लॉकिंग दाखवा. चौथा शॉट निवडताना आधीच्या तिघांत काय दिसत नाही ते बघा. तिन्हीत पात्र उभंच असेल तर चौथ्यात ते बसून उठू दे, वजन घेऊन. तो झाला की तिन्हींतला सगळ्यात कच्चा काढा, म्हणजे पुन्हा तीनच उरतील.

---

रफ_अ‍ॅनी

तिन्हीत उभंच आहे. कसं ओळखलंत!